रडूबाईच्या कानावर

मी हेडफोन बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं, आज जरा माझं ऐका.

वीज कंपनीच्या तक्रार कक्षात, खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर माझी नेमणूक झाली. तिथे क्षणाची उसंत नसे. एक फोन ठेवला की दुसरा हजर. 'लाइट कधी येणार?' हा एकच प्रश्न मी रडवेल्या आवाजात ऐकला, शिव्यांसकट ऐकला.

माझ्या मालकिणीला सगळे रडूबाई म्हणत. फोनवर कुणी खेकसलं की तिची कानशिलं तापत. मग डोळ्यांत टचकन पाणी!

"बाई, मन घरी ठेवून येत जा," साहेब एके दिवशी म्हणाले. "तीन मिनिटांत फोन संपवा. आणखी एकदा वेळ घालवलात तर फायलींच्या खोलीत बसवीन."

त्या दिवसापासून ती माझी वायर बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

एका दुपारी एका आजींचा फोन आला.

"लाइट गेलीय का गं, बाळा?"

"नाही आजी. तुमच्या भागात आहे."

"हो का? बरं... बरं."

पण आजी फोन ठेवेनात. नुसता श्वास ऐकू येत होता, तोही अडखळत. मालकीण ताठ झाली.

"आजी, कुठे बसलाय तुम्ही?"

"बसले नाही गं. पडलेय, सकाळपासून. उठताच येत नाही. बिल हाताशी होतं, त्यावरचा नंबर लावला."

"घरचं कुणी?"

"लेक कामावर असते. तिच्या जिवाला कशाला घोर?"

साहेब मागे येऊन उभे राहिले. "लाइट आहे ना तिथे? ठेवा फोन!"

मालकिणीने हात वर करून त्यांना थांबवलं. तो हात खाली आला नाही. आजींचा फोन नंबर कंपनीच्या नोंदीत होता, त्यावरून तिने पत्ता काढला आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीपुढे सरकवला. "रुग्णवाहिका बोलाव. आणि आपला वायरमन जवळच असेल, त्याला पळव!"

अर्धा तास ती आजींना बोलतं ठेवत होती. मध्येच आजी गप्प झाल्या, तेव्हा माझाही जीव टांगणीला लागला. अखेर दार तोडल्याचा आवाज आला आणि वायरमन ओरडला, "आजी, आलो आलो!"

मला काढून ठेवून मालकीण हमसून हमसून रडली. साहेबांनी स्वतः पाणी आणलं.

"कसं कळलं तुम्हाला?"

"मन घरी ठेवून आले नव्हते, साहेब. आजवर ते दाबत आले. आता नाही दाबणार. फायलींच्या खोलीत पाठवायचं तर खुशाल पाठवा."

साहेबांनी पाठवलं नाही. उलट नव्या मुलींना ते तिच्या शेजारी बसवू लागले. रडणं मात्र तिचं थांबलं नाही, आणि तिने ते लपवलंही नाही.

आता माझा डावा कान गेलाय. मी खणात पडून असतो. बाहेर फोन वाजला की चैन पडत नाही. काल भंगारवाला बघून गेला.

तुमच्या घरात कुणी असं हळवं असेल, तर त्याला हसू नका. आणि तिच्या कानावरच्या नव्या हेडफोना, ती रडायला लागली तर घाबरू नकोस रे. तेव्हाच तिला सगळ्यात नीट ऐकू येतं.