हिरव्या रंगाखालचा गुटका

मी बाभळीचा गुटका बोलतोय. रुळावर उभी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, घरंगळू नये म्हणून चाकाखाली ठोकतात, ते तिरपं लाकूड. लोक मला विसरतात, पण मी काही विसरत नाही.

रतिलालशेठच्या सरकीच्या मिलपासून नरडाणा स्टेशनापर्यंत मिलचीच मालगाडीची छोटी लाइन होती. तिथं रुळांचे सांधे बदलणाऱ्या सुकदेव पॉइंटमननं मला तासलं, पोटावर तीन खाचा पाडल्या आणि लाल रंग दिला. ढेपेनं भरलेली वाघीण उतारावर उभी राहिली की मला ठोकून तो म्हणायचा, "सांभाळ रे भाऊ!" मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात एका दुपारी गरम वाऱ्याच्या झळांनी ऑफिसचं दार सारखं आपटत होतं. कारकून भाईदास वैतागून बाहेर आला. त्यानं चाकाखालून मला उपटलं आणि दाराला लावलं. मागे वाघीण हलली. उतारावरून सुटली ती वजनकाट्याची खोली पाडूनच थांबली. नशीब, आत कोणी नव्हतं.

शेठ धावत येईपर्यंत भाईदासनं मला पायानं दाराआड सारलं होतं.

"सुकदेवनी गुटका लायाच नही, शेठ."

"मी सोता लायेल व्हता!" सुकदेव रडकुंडीला आला.

"मंग कोठे शे?" भाईदासनं उलट विचारलं.

दहा पावलांवर होतो मी! दुसऱ्याच दिवशी भाईदासनं दाराबरोबर मलाही हिरवा रंग फासला आणि दाराच्याच कामाला ठेवलं. सुकदेवला शेठनं हमालीला लावलं. पोती वाहताना तो रोज माझ्यासमोरून मान खाली घालून जायचा. मी दातओठ खात पडून असायचो.

तिसऱ्या वर्षी श्रावणाची झड लागली. मी पाणी पीत गेलो, फुगत गेलो. शेठ ऑफिसात बसलेले, पावसाची सर थेट टेबलावर, आणि मी दाराखाली घट्ट रुतल्यानं दार लागेना. भाईदासनं मला लाथा घातल्या. त्याचाच अंगठा ठेचला, बरं झालं! मी जागचा हललो नाही.

"सुकदेव, हातोडा आण," शेठनं हाक मारली.

पहिल्या घावाला हिरवा टवका उडाला. दुसऱ्याला मी उलटा पडलो. खाचा दिसताच सुकदेवनं मला उचललं.

"शेठ, हाऊ मना गुटका शे."

रंग कोणी फासला ते आठवून शेठ भाईदासकडे वळले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतकी वर्षं मी त्याच चेहऱ्याची वाट पाहत होतो.

सुकदेव पुन्हा पॉइंटमन झाला, आणि मी पुन्हा वाघिणीच्या चाकाखाली गेलो. भाईदास आता मिलचं फाटक उघडतो.

सुकदेवभाऊ, काल तू मला खरवडायला कानस घेऊन आलास. तेवढं करू नकोस. पाठीवरचा हिरवा रंग राहू दे. भाईदास रोज या चाकाजवळून जातो. त्याला तो दिसला पाहिजे.