पितरांवर शेजवान

माझ्या धाकट्या भावाने, दिपेशने, सारसोळ्यात हॉटेल काढलं, 'चायना व्हिलेज'. नूडल्स विकायला एवढं सोंग कशाला, देव जाणे. जासईच्या भंगाराच्या यार्डातून त्याने कुठल्याशा जुन्या चिनी गावाचं सामान उचलून आणलं. नक्षीच्या खिडक्या, कंदील आणि सोनेरी अक्षरांच्या काळपट लाकडी पाट्या. पाट्या त्याने टेबलांवर आडव्या टाकल्या आणि वर शेजवान चटणीच्या वाट्या मांडल्या.

उद्घाटनाला आई आली. पाटीवरचा केचपचा ओघळ तिने पुसला, तर खाचेत उदबत्तीची राख.

"ह्ये काय रं?"

"त्या गावातल्या मेलेल्या लोकांची नावं हायत, आई. पोरं शहरात गेली, पूर्वजांचं देऊळ पाडलं, पाट्या भंगारात. यार्डवाला बोलला. टेन्शन नको घेऊ."

म्हणजे याला माहीत होतं! शेजारचा माणूस चिकन लॉलीपॉपचं हाड चोखून त्याच पाटीवर ठेवत होता.

"मंजे ह्ये त्यांचं टाक," आई म्हणाली. आमच्या देव्हाऱ्यात बाबांचा चांदीचा टाक आहे. बाबा गेल्यावर आईने पातळ पत्र्यावर त्यांचा मुखवटा उठवून घेतला. रोज स्वतः पुसते, मलाही हात लावू देत नाही. "उचल सगलं. आत्ताच्या आत्ता."

दिपेशने लगेच पाट्या उचलल्या. आईने त्या धुऊन घरी नेल्या. मला वाटलं, चला, गाढवाला अक्कल आली.

रविवारी आईचा रडत फोन आला. देव्हाऱ्यातून बाबांचा टाक गेला होता. मला एकच माणूस आठवला. तशीच हॉटेलात गेले.

भिंतीवर जाळं आणि वल्ही टांगलेली, वर बोर्ड: 'कोळी हेरिटेज कॉर्नर'.

"सुचिताताई, आईचं बरोबर होतं," दिपेश खुशीत म्हणाला. "परक्यांचे बापजादे कशाला? आपले दाखवू ना!"

कोपऱ्यातल्या टेबलाच्या मधोमध बाबा होते. तोंडावर लाल चटणी. तिथे जेवणाऱ्याने उष्टं बोट त्यांच्या कपाळाला पुसलं आणि तो उठून गेला. शिसारी आली मला, त्या माणसाची नाही, माझ्या सख्ख्या भावाची.

"फेविक्विकने चिकटवलाय," तो म्हणाला. "कोनी चोरनार नाय."

मी चमचा घालून टाक उचकटायला गेले. पातळ चांदी फाटली. कड माझ्या हातात आली, बाबांचा चेहरा टेबलालाच राहिला.

दिपेशने माझ्याकडे पाहिलं, मग त्या चेहऱ्यावरून ओलं फडकं फिरवलं आणि दाराशी उभ्या गिऱ्हाइकाला हाक मारली, "या साहेब, खाली झालं टेबल."