चौथा वाटा

आमचे वडील, आप्पा, वारल्यावर कळपाची वाटणी करायची म्हणून शहाजीदादानं मला सोलापुरातून मुद्दाम बोलावलं. तेही हिशेबाला, वाट्याला नव्हे. सात रस्त्याजवळच्या शाळेत मी गणित शिकवते. जमिनीवरचा हक्क मी गेल्याच वर्षी सही करून सोडला होता. तेव्हा शहाणी बहीण म्हणून गावभर माझं कौतुक झालं होतं.

चौसष्ट मेंढ्या, चाळीस शेळ्या. आप्पांनी सांगून ठेवलं होतं की वाटणीपायी जनावर विकायचं नाही, कापायचं नाही आणि कुणाला एक जास्त, कुणाला एक कमी द्यायचं नाही.

"माजा नि अभिमन्यूचा, दोन वाटे सरळ पडत्यात की," दादा म्हणाला. "बत्तीस मेंढ्या, ईस शेळ्या. तीन पाडाय गेलं तर एक मेंढी नि एक शेळी उरती. मग वैजयंतीला कसा द्यायचा, तूच सांग."

वैजयंतीवहिनी, आमच्या वारलेल्या बिरुदेवदादाची बायको, दाराशी बसून होती. बारा वर्षं हा कळप तिनंच रानोमाळ चारलेला. दादाचं गणित चोख होतं आणि त्याचीच मला चीड आली. एवढ्या हौसेनं त्यानं आयुष्यात कधी भागाकार केला नव्हता.

मी वहीत मसावि काढला. आठ. म्हणजे एकही जनावर न उरता जास्तीत जास्त आठ सारखे वाटे. आठाला तीननं भाग जात नाही, पण चारनं जातो. चौथं कोण, ते मला लगेच दिसलं. वाटा मागितला की माहेरची भाऊबीज, लेकरांची सुट्टी, सगळं जाणार होतं. खरं सांगते, वही मिटून गप्प बसावंसं वाटलं.

"चार वाटे पाड दादा," मी म्हणाले. "सोळा मेंढ्या, दहा शेळ्या. चौथा माजा."

धाकटा भाऊ अभिमन्यू खाली बघू लागला.

"फ्लॅटात बांधणार हायस व्हय मेंढरं?" दादानं विचारलं.

"वैनी राखंल."

"जमीन सोडलीस, आन आता जनावरासाठी उटलीस?"

"जमिनीत वैनीला धरलं हुतं तुमी. हितं न्हाई धरलं."

दादा उठून कळपाकडं गेला. दुपारपर्यंत मोजून चार कळप वेगळे झाले. वहिनीनं तिची नि माझी जनावरं एकाच जाळीच्या कुंपणात घातली. मी पिशवी उचलली.

"येते दादा," मी म्हणाले.

दर वेळी तो म्हणायचा, "ये गं लवकर." आज त्यानं मान वर केली नाही.

"जा," म्हणाला.