अप्पांची मिनिटं

चाळिशी उलटल्यावर गणिताच्या नादी लागणं म्हणजे सुखातला जीव दुःखात घालणं, असं तिच्या नवऱ्याचं मत होतं. पण लॅबमध्ये तिने काम शिकवलेला तिसरा माणूसही तिचाच साहेब होऊन बसला, तेव्हा तिने ठरवलं, आता मॅनेजमेंटची पदवी घ्यायचीच. रक्त तपासण्यात अर्धा जन्म गेलेला. प्रवेश परीक्षेत मात्र टक्केवारी आणि नळ-टाक्या आडव्या आल्या.

सराव पेपरांना वेळ लावायला सासरे बसले. अप्पा बस डेपोतले निवृत्त टाइमकीपर. गाडी कुणासाठी थांबत नाही, हे आपण थेट मंत्र्याला सुनावलं होतं, असं ते स्वतःच सांगत. दर रविवारी जेवणाच्या टेबलाशी घड्याळ घेऊन बसत, "चला, सुटली गाडी!" म्हणत, आणि ती पेपरात डोकं खुपसे. पेपर दर वेळी पुरा होई. मार्क असे पडत, की नवऱ्यानेही टोमणे आवरते घेतले.

परीक्षा आठवड्यावर आली, तेव्हा तिने लॅबच्या कँटीनमध्ये मोबाइलवर एक पेपर सोडवून बघितला. वेळ संपली, पाव पेपर कोरा. दुसऱ्या दिवशीही तीच तऱ्हा. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

घरी आल्यावर पर्सही न ठेवता तिने विचारलं, "अप्पा, खरं सांगा. मला वेळ जास्त देता ना?"

अप्पा वर्तमानपत्राची घडी घालू लागले. ती काही केल्या जमेना.

"जास्त कसली? तू गॅस बंद करायला उठायचीस, तेव्हा घड्याळ थांबवायचो. मग दाराची बेल. मग आमचे चिरंजीव ओरडणार, माझे मोजे कुठेत! ती मिनिटं काय तुझी होती?"

"आणि बाकीची?"

"बाकीची..." अप्पा चष्मा पुसत बसले. "शेवटच्या गणिताला तुझं तोंड एवढंसं व्हायचं गं. बघवायचं नाही."

"अहो, परीक्षेतलं घड्याळ माझं तोंड बघून थांबणार आहे का? आपटले असते ना मी!" तिला चिडायचं होतं, पण मध्येच हसू फुटलं आणि सगळा राग वाया गेला. "शनिवारी शेवटचा पेपर घ्या. डेपोतल्यासारखा."

शनिवारी अप्पांनी तिला बेडरूममध्ये बसवलं आणि दाराला खुर्ची लावून स्वतः बाहेर बसले.

"अगं, इस्त्रीचे कपडे..." नवऱ्याचा आवाज आला.

"आत पेपर चालू आहे. काय हवं ते मला विचार."

"तुम्हाला माहितीये कुठेत?"

"नाही. पण विचार."

स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. ती उठली नाही. अवघड गणित दिसलं, त्याला हात जोडून पुढे सरकली. पुन्हा काहीतरी पडलं. तरी नाही.

दार उघडलं. "पेन खाली."

"अप्पा, एवढं एकच. उत्तर आलंच आहे हो."

"पेन खाली म्हटलं ना."

कागद ओढून घेताना ते खिडकीकडेच बघत राहिले. तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. तिनेही मान वर केली नाही. दोघांपैकी एकाने जरी बघितलं असतं, तरी घड्याळ पुन्हा थांबलं असतं.