काटकोनातला चौक

रोमन लोकांचं नाव निघालं की रमाकांतची गाडी थांबत नसे. होता नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढणारा साधा माणूस, पण दोन हजार वर्षांपूर्वी रोमन फौजा तळ कसा आखत, हे आपल्याच लग्नाची हकिकत सांगावी तसं सांगे. एक रस्ता उत्तर-दक्षिण, दुसरा पूर्व-पश्चिम, मधे चौक. पुढे त्या छावण्यांचीच शहरं झाली आणि निम्म्या जगानं तोच कित्ता गिरवला. लालबागेतल्या एका वेड्यावाकड्या वस्तीवर रमाकांतनंही तो गिरवला होता. बोळ बुजले, काटकोनात दोन रुंद रस्ते आले, आणि नव्या इमारतीत धाकट्या बहिणीला, लतिकाला, त्यानं खटपट करून खोली मिळवून दिली. तिला गॅलरीत उभं करून उजेड नि वारा दाखवताना स्वारी अशी फुगली होती की विचारू नका.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. लतिकाचा नवरा हेरंब मोर्चात पकडला गेला. ती दिवस भरलेली, घरात एकटी. एका सकाळी शेजारच्या कमळाबाईंनी दूधवाल्याबरोबर दादरला रमाकांतकडे निरोप धाडला, की कळा सुरू झाल्यात, मूल आडवं वाटतंय, सुईण घेऊन या. रमाकांत अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. वाटेत परळच्या शेवंतीबाई सुइणीला त्यानं जवळजवळ ओढतच घेतलं. तेवढ्यात कर्फ्यू लागला. तरी भिंतींच्या कडेकडेनं दोघं नव्या रस्त्याच्या टोकाशी पोचली, आणि तिथंच अडली.

चौकात पोलिसांची गाडी होती आणि चारही रस्त्यांकडे बंदुका रोखलेल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चौकापलीकडे लतिकाची गॅलरी स्वच्छ दिसत होती. कठडा धरून ओणवी झालेली लतिकाही दिसत होती. तिनं दोघांना पाहून हात केला.

"मागनं वाट नाय?" शेवंतीबाईंनी विचारलं.

होती ना. कोळशाच्या वखारीमागून थेट लतिकाच्या इमारतीच्या जागेपाशी निघणारा, अंग चोरून जावं लागे असा बोळ होता. कुठल्या बंदुकीच्या बापाला तो दिसला नसता.

"मीच बुजवला," रमाकांत म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. इतकी वर्षं घोकलेल्या त्या आराखड्यातली फौज तेवढी तो विसरला होता.

शेवटी हात वर करून तो रस्त्यात उतरला. शिट्टी वाजली, बंदुका वळल्या. त्यानं गयावया केली, बहिणीची खोली दाखवली, आपण सरकारी नोकर, हा रस्ताच आपण आखलाय, हेही सांगून टाकलं. अंमलदारानं त्याच्याकडे जरा आदरानं पाहिलं.

"फार छान आखलाय. एका जागी उभं राहून सगळं दिसतं," तो म्हणाला. मग हुकमापुढे आपलं काही चालत नाही, जीव प्यारा असेल तर मागे व्हा, असं बजावून त्यानं तोंड फिरवलं.

रमाकांत मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा हाकलला गेला. नंतर तर छातीला बंदुकीचं टोकच लागलं. ऊन चढलं. कमळाबाईंनी लतिकाला आत, गॅलरीच्या उघड्या दारासमोरच्या खाटेवर नेलं होतं. तिचं ओरडणं मोकळ्या रस्त्यावरून सरळ येत होतं. अर्ध्या परळची बाळंतपणं केलेल्या शेवंतीबाई कोपऱ्यात हातावर हात धरून बसल्या होत्या. दुपार कलली तेव्हा ओरडणं थांबलं.

संध्याकाळी कर्फ्यू घटकाभर उठला तशी दोघं धावली. कमळाबाई दारातच मान हलवत उभ्या होत्या. मुलगा होता. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून त्याला भिंतीशी ठेवलं होतं. लतिका तेवढी वाचली होती. रमाकांत तिच्या पायाशी बसला.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. आढ्याकडे बघत ती एवढंच म्हणाली, "दादा, तू सारखा दिसत होतास रे."