एडितचा ओस्तकाका

आमच्या स्मोलांद प्रांतात कुणाकडे समारंभ असला की घराघरांतून ओस्तकाका, म्हणजे दुधाच्या चोथ्याचा भाजलेला गोड केक, जातो. बायका एकमेकींचा चाखतात आणि मनातल्या मनात नंबर लावतात. आमच्या गावात वीस वर्षं पहिला नंबर एडितचा. आणि सिग्नेबाईंच्या साठीला तीन दिवस उरले असताना ती गोठ्याच्या पायरीवरून घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये.

घरात दुसरं माणूस म्हणजे तिचा थोरला भाऊ आल्गोत. सुतार, अविवाहित, आयुष्यात अंडं उकडलेलं नाही. मी शेजारीण, आठ लिटर दूध घेऊन गेले तर दोघांची जुंपलेली.

"मी नाही करणार. बायकांचं काम आहे हे."

"मग बायको आणायची होतीस, तिनं केलं असतं! पेटव चूल. दूध कोमट झालं का बघ, करंगळी घालून."

"कोणती करंगळी?"

"धुतलेली!"

दुधात पीठ आणि दूध गोठवणारं रेनेट पडलं. अर्ध्या तासात दूध दह्यासारखं बसलं. एडित कोचावरून ओरडली, "आता ढवळ आणि पाणी काढ, चल, चल!" पण आल्गोत लाकूड तासतानासुद्धा घाई करत नाही. चोथा न ढवळता, न दाबता, मऊच राहील असा खाली बसू देत, वरचं हिरवट पाणी तो डावाडावानं काढत बसला. चांगला तासभर. मग अंडी, साय, साखर, कुटलेले कडू बदाम. सगळं तांब्याच्या साच्यात ओतलं आणि भट्टीत ठेवून वर पाणसळ लावून बघितली.

"भिंत बांधतोयस का रे?" एडित म्हणाली. "आणि हे बघ, कुणाला बोलायचं नाही. मीच केलाय."

समारंभात पाद्रीबुवांना पहिला मान. कडेला तांब्याची चव उतरते म्हणून ओस्तकाका मधूनच खायला घेतात. बुवांनी एडितच्या ओस्तकाकात चमचा घातला, वर चेरीचा मुरंबा घेतला, खाल्लं. मग परत घेतलं. मग परत.

"एडित," सिग्नेबाई म्हणाल्या, "आजवरचा सगळ्यात छान! खरं सांगू? आधीचे जरा कोरडेच असायचे."

"हो गं, कोरडेच," दोघीतिघींनी री ओढली.

एडितचे कान लाल झाले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आणि हा एका हातानं केलास? मग इतकी वर्षं दोन हात कशाला लावत होतीस?"

"मी नाही केला!" एडित कडाडली. "आल्गोतनं केलाय!"

सगळ्या माना वळल्या. आल्गोत कोपऱ्यात कॉफी पीत होता. त्याला ठसका लागला. पाद्रीबुवांनी उठून त्याची पाठ थोपटली, ती ठसक्यासाठी की ओस्तकाकासाठी, देव जाणे.

परतताना मी त्यांच्याच गाडीत होते. पूल ओलांडला. एडित हळूच म्हणाली, "खरंच कोरडे असायचे का रे?"

आल्गोतनं बराच विचार केला. "थोडे. पण मला आवडायचे."

"वीस वर्षं बोलला नाहीस!"

"तू विचारलंस कुठे?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली, पण हसत होती हे मला काचेत दिसलं.

आता चोथ्याचं काम आल्गोतकडेच आहे. एडितचा हात कधीच बरा झालाय. ती कोचावर बसून नुसती ओरडते.