दारावरचे सहा खड्डे

गाडीच्या दारावर पुन्हा खड्डे पडले होते. टाचणीच्या डोक्याएवढे, सहा.

"हात दाखव," तो बायकोला म्हणाला.

गाडी जेमतेम वीतभर लांब. कारखान्याने निवृत्तीच्या दिवशी दिलेली, तिथेच बनणाऱ्या मोटारीची छोटी प्रतिकृती. एकतीस वर्षं तो तिथल्या पेंट शॉपमध्ये तपासनीस होता. कामगार त्याला पाठीमागे 'भिंग' म्हणत. आणि त्या भिंगाला निरोप म्हणून दिलेल्या गाडीच्या डाव्या दारावर रंगाचा ओघळ होता. घरी येताना बसमध्येच तो त्याला दिसला, तेव्हापासून त्याचं डोकं तापलेलं होतं. त्याने दार सुटं करून जुना रंग उतरवला, हवा दाबून सोडणारा एक जुना कॉम्प्रेसर विकत आणला आणि मागच्या खोलीत स्प्रेगन लावली. तीनदा रंग मारला. तिन्ही वेळा ओला रंग जागोजागी मागे सरकला आणि खड्डे उरले.

कारण त्याला पाठ होतं. पत्र्यावर कुठे तेलकट कण असला की रंग तिथे धरत नाही. म्हणून घरातली तेलं, क्रीमच्या डब्या, मुलीची केसांना लावायच्या सीरमची बाटली, सगळं त्याने गॅलरीत हद्दपार केलं होतं. त्याच्या खोलीसमोरून जाताना मुलगी श्वास रोखून धरायची, मुद्दाम, त्याला दिसेल असा.

बायकोने हात पुढे केले. भांडी घासून पेरांना भेगा पडल्या होत्या, एकीतून रक्त येऊन सुकलं होतं.

"पंधरा दिवस काही लावलेलं नाही," ती म्हणाली. "आता त्या पोरीसारखं मलाही कामावरून काढा. सुटेन तरी."

त्या पोरीचा इथे काय संबंध, असं तो ओरडला. ती निघून गेली.

आठ वर्षांपूर्वी चाळीस बॉनेटवर असेच खड्डे आले होते. रंगाआधी पत्रा पुसण्याच्या कामावर एक नवी मुलगी होती, नुकतं लग्न झालेली. तिच्या लॉकरमध्ये त्याला क्रीमची डबी सापडली. साहेब, घरी जाताना लावते, इथे नाही, असं सांगून तिनेही असेच हात पुढे केले होते. त्याने डबी पाहिली, हात पाहिले नाहीत. अहवाल लिहिला. तिची नोकरी गेली आणि पुढच्या आठवड्यापासून खड्डे थांबले. नव्या लोकांना शिकवताना हा किस्सा तो पुराव्यासारखा सांगायचा.

त्यांना तो आणखीही एक गोष्ट शिकवायचा. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर कोणती लागू पडली ते कधीच कळत नाही.

घरात आता तेलकट म्हणून काही उरलं नव्हतं. चरफडत त्याने दाढीचा आरसा आणला, स्पिरिटने लख्ख पुसला आणि स्प्रेगनमध्ये रंग न घालता नुसती हवा त्यावर मारली. आरसा धुरकट झाला. त्याने बोट फिरवलं. बोट तेलकट झालं.

कॉम्प्रेसरचंच तेल हवेबरोबर येत होतं.

तो स्टुलावर बसला. ती मुलगी गेली त्याच आठवड्यात कारखान्यातल्या हवेच्या पाइपलाइनचा, तेल अडवणारा फिल्टर बदलला होता. त्या कागदावर सही त्याचीच होती.

"गाढव," तो म्हणाला आणि त्याने कॉम्प्रेसरला लाथ घातली. अंगठ्याचं नख फुटलं. ते बरंच झालं असं त्याला वाटलं.

तिचा पत्ता मिळवायला दोन दिवस गेले. दार तिनेच उघडलं. गळ्यात शिवणकामाची टेप होती. तिने त्याला ओळखलं, पण आत या म्हणाली नाही. आरशापासून सहीपर्यंत सगळं त्याने क्रमाने सांगितलं, वर्गात समजावून सांगतात तसं. शेवटी त्याने विचारलं, हे सगळं कारखान्याला लिहून देऊ का?

"कारखान्याचं काय करू मी?" ती म्हणाली. "आठ वर्षं या घरात ऐकतेय, नटण्यापायी नोकरी घालवली. कुणी पाहुणा आला की तेच. ते पुसून देता येतं का तुम्हाला?"

ती दारातून बाजूला झाली.

"आत या. मला सांगून उपयोग नाही, सासूबाईंना सांगा. त्यांना कमी ऐकू येतं."

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्याने सांगितलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, हा कोण आणि काय म्हणतोय, असं विचारलं.

"मोठ्याने," ती त्याला म्हणाली.

त्याने मोठ्याने सांगितलं. म्हातारीने कानामागे हात धरला आणि मान हलवली. समोरच्या घराची खिडकी उघडली. कुणीतरी जिन्यात थांबलं. सुनेने उठून दार सताड उघडलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून.

त्याने घसा खाकरला आणि तिसऱ्यांदा, अगदी पहिल्यापासून, सुरुवात केली.

"चूक माझी होती."